मदत हवी आहे : पट वाढला, ऑफिसात लिपिक मात्र एकच

नमस्कार सर, मॅडम. तालुक्याच्या गावी आमचं अनुदानित माध्यमिक विद्यालय आहे, पाचवी ते दहावी. मी जूनपासून मुख्याध्यापिका आहे. चार वर्षांत पट 310 वरून 540 वर गेला, याचा आनंद आहेच. पण ऑफिसात लिपिक एकटेच. शालार्थ या ऑनलाइन प्रणालीतली पगारबिलं, यू-डायस प्लसवर शाळेची माहिती भरणं, शिष्यवृत्तीचे अर्ज, बोनाफाईड, दाखले, सगळं त्यांच्याच टेबलावर. आता दहावीची आवेदनपत्रंही आली आहेत. गेल्या आठवड्यात रात्री आठला ऑफिसचा दिवा दिसला म्हणून आत गेले, तर लिपिकभाऊ जनरल रजिस्टर उघडून जन्मतारखा ताडून पाहत बसले होते. फार वाईट वाटलं.

शिपाई निवृत्त झाले. 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयामुळे नवं पद नाही, फक्त भत्ता. त्या पैशात पूर्ण दिवस थांबायला कुणी तयार होत नाही.

दुसरं म्हणजे, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेची पदं ठरवताना, आधार वैध असलेलीच मुलं धरतात. आमच्याकडे ऊसतोड कामगारांची मुलं बरीच आहेत. आधारवर नाव एक, दाखल्यावर दुसरं. दुरुस्तीसाठी पालक गावात सापडायला तर हवेत!

वाढीव लिपिकपदाचा प्रस्ताव कुणी मंजूर करून घेतला आहे का? सोबत कोणती कागदपत्रं जोडलीत? आणि तोवर ऑफिसचं काम शिक्षकांत कसं वाटलंत, की तास बुडणार नाहीत? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.