क्यूबीओ आणि इलेक्ट्रोजेट: हा २८ महिन्यांचा उंचवटा सूर्याचा की वाऱ्यांचा? (मदत हवी आहे)

मंडळी नमस्कार, एमएस्सीच्या प्रोजेक्टमधे अडकलेय, इथे आयनोस्फिअरवर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) काम केलेलं कुणी असेल तर प्लीज वाचा.

विषुववृत्तावर स्ट्रॅटोस्फिअरमधले वारे काही महिने पूर्वेकडून आणि मग काही महिने पश्चिमेकडून वाहतात, फेरा सरासरी २८ महिन्यांचा, हाच क्यूबीओ (क्वासी-बायेनिअल ऑसिलेशन). मला बघायचंय की वर १०५ किमीच्या आसपास इलेक्ट्रोजेटमधे (चुंबकीय विषुववृत्तावर दिवसा वाहणारा विजेचा प्रवाह) त्याचा काही माग लागतो का. डेटा तिरुनेलवेली (चुंबकीय विषुववृत्ताजवळ) आणि अलिबागचा, दोन्हीकडच्या एचमधून (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक) रात्रीची पातळी काढून मग वजाबाकी केली (अलिबाग इलेक्ट्रोजेटच्या पट्ट्याबाहेर आहे त्यामुळे चुंबकीय वादळांचा वगैरे दोन्हीकडे सारखा येणारा भाग बराचसा उडतो), दुपारच्या व्हॅल्यूज घेतल्या आणि महिन्याची सरासरी. स्पेक्ट्रममधे (कोणत्या कालावधीचा चढउतार किती जोरदार आहे ते दाखवणारा आलेख) २८ महिन्यांच्या जवळ मस्त उंचवटा आला, गाईड खूश, पण मी सहज एफ१०.७ चा (सूर्याकडून येणाऱ्या १०.७ सेमी रेडिओ लहरींचं माप, सूर्य किती सक्रिय आहे ते सांगणारं) स्पेक्ट्रम काढला तर तिथेही दोन वर्षांच्या आसपास उंचवटा आहेच!! सूर्य स्वतःच असा हलत असेल तर त्याचे ईयूव्ही (अतिनील) किरण बदलून आयनोस्फिअर आपोआप हलणार, मग वाऱ्यांचा संबंध कसा दाखवायचा? आणि क्यूबीओ तर ४०-५० किमीच्या वर विरतो ना, तो १०५ ला पोचतो कसा?

प्रतिसाद १
वारा स्वतः वर जात नाही, भरती-लाटा जातात. सूर्याच्या उष्णतेने खाली तयार होणाऱ्या चोवीस तासांच्या टाइड्स वर चढताना या वाऱ्यांमधून जातात, आणि खाली पश्चिमेकडचा वारा असताना मेसोस्फिअरमधे (स्ट्रॅटोस्फिअरच्या वरचा थर) ही टाइड साधारण जास्त जोरदार दिसते, खास करून मार्चच्या सुमारास. पुढे डायनॅमो भागात (जिथे वाऱ्यातून वीज तयार होते) टाइडचा वारा आयनांना चुंबकीय क्षेत्रातून ओढतो, त्यातून विद्युतक्षेत्र आणि तुमचा इलेक्ट्रोजेट.

प्रतिसाद २
ताई, नुसत्या २८ वर भांडू नका. परिणाम ठराविक ऋतूतच जास्त असेल तर वार्षिक चक्र आणि क्यूबीओचा गुणाकार होतो, म्हणजे साधारण २१ आणि ८.४ महिन्यांवरही खुणा दिसायला हव्यात, त्या शोधा. आणि डेटा किती वर्षांचा आहे? एका सोलर सायकलमधे (साधारण ११ वर्षं) क्यूबीओचे पाचसुद्धा फेरे पूर्ण होत नाहीत, एवढ्याशावर कोरिलेशन कसंही येऊ शकतं. माझ्या मते सगळ्यात भारी चाचणी म्हणजे २०१६ आणि २०२०. २०१६ च्या सुरुवातीला पश्चिमेकडच्या वाऱ्याच्या मधोमध ४० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीजवळ (साधारण २२ किमी) अचानक पूर्वेकडचा वारा घुसला आणि फेरा विस्कटला, २०१९-२० मधे परत तसंच. सूर्याला त्याचं काय सोयरसुतक! एफ१०.७ रिग्रेशनने काढून टाका आणि उरलेली सिरीज तेव्हा वाऱ्यांसोबत विस्कटते का बघा.

धागाकर्ती
अरे हे डोक्यातच आलं नव्हतं! माझ्याकडे २०१६ आहे, २०२० चं मागवावं लागेल. सिंगापूरचे वारे (क्यूबीओसाठी नेहमी वापरली जाणारी मोजमापं) ३० चे घेऊ की ५० हेक्टोपास्कलचे?

प्रतिसाद २
दोन्ही. फेज महिन्याला साधारण एक किमी खाली उतरते, त्यामुळे ५० वाला ३० च्या काही महिने मागे असतो. एकच लेव्हल धरली तर लॅग (दोन सिरीजमधलं मागेपुढे असणं) हवा तसा जुळवता येतो आणि व्हायव्हाला नेमकं तेच विचारतात.