मदत हवी आहे: आत्याच्या जुन्या सुया, माझ्या नव्या सुया आणि रुंद होत चाललेला मफलर

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्याची, शाहूपुरीत राहते. विणकाम नुकतंच शिकायला घेतलंय आणि पहिलीच वस्तू म्हणून बाबांचा मफलर सुरू केलाय. बाबा पहाटे अजिंक्यतारा चढून येतात, बारा महिने. दिवाळी सरली की वर वारा नुसता कानात घुसतो. विकतचे मफलर त्यांना टोचतात, म्हणून मऊ लोकर घेऊन मीच विणायचं ठरवलं. नक्षी वगैरे काही नाही, सगळ्या ओळी सुलट (म्हणजे लोकर मागे ठेवून विणलेले साधे टाके). ४० टाके घातलेत, रुंदी २० सेंमीच्या आसपास यावी अशी अपेक्षा.

माझ्याकडे सुयांचे दोन जोड आहेत. एक आत्याचा: ॲल्युमिनियमच्या लांब सरळ सुया, टोपीवर १० हा आकडा कोरलेला. दुसरा मी पुण्याहून मागवला. बांबूची गोल सुई आहे, म्हणजे दोन टोकं आणि मधे लवचिक वायर, वर ४ मिमी छापलंय. लोकरीच्या वेष्टनावरही ४ मिमीच लिहिलंय. ज्या व्हिडिओवरून शिकतेय त्यातल्या अमेरिकन बाई ‘८ नंबर घ्या’ म्हणतात. आत्या म्हणते ८ नंबर म्हणजेच ४ मिमी. पण बाईंच्या हातातली सुई माझ्या सुईपेक्षा चांगलीच जाड दिसते. भावाने वर्कशॉपमधून व्हर्निअर आणून मोजलं, तर आत्याची सव्वातीन मिमी भरली आणि बांबूची बरोबर ४. मग ८ नंबर म्हणजे नक्की किती?

दुसरं, बांबूवर टाके सरकतच नाहीत, प्रत्येक टाका ढकलावा लागतो. आत्याच्या सुयांवर हात भराभर चालतो, पण जरा लक्ष हटलं की टोकाकडचे टाके घसरतात. सुरुवात बांबूवर केली आहे. आता मधूनच आत्याच्या सुयांवर घेतलं तर चालेल का? शिवाय बांबूच्या सुईची वायर स्प्रिंगसारखी गुंडाळलेलीच राहते.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: टाके वाढतायत. ४० होते, आता ४४ भरतात, आणि मफलर वर वर रुंद होत चाललाय. नीट बघितलं तर ओळीच्या सुरुवातीला, पहिल्या टाक्याच्या जागी दोन फासे दिसतात. ते दोन्ही विणायचे की एकच?

आणि आत्याचं म्हणणं की एक ओळ सुलट, एक ओळ उलट (लोकर पुढे ठेवून विणलेली) अशी वीण घे, अंगाला गुळगुळीत लागते. छोटा तुकडा विणून बघितला तर तो कडेने गुंडाळला जातोय. असं का होतं?

थंडीच्या आत बाबांच्या गळ्यात पडायला हवा, म्हणून विचारतेय. कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद (विश्रामबाग, सांगली)

अगं, आत्याही बरोबर आणि त्या बाईही बरोबर. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या इंग्लंडच्या पद्धतीचे चालत आलेत. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: ६ म्हणजे ५ मिमी, ८ म्हणजे ४, १० म्हणजे सव्वातीन. अमेरिकेत नंबर वाढला की सुई जाड. त्यांची ८ म्हणजे ५ मिमी. आमच्या वेळच्या स्वेटरच्या कृतीत ‘खालची पट्टी १० नंबरवर, पुढे ८ नंबरवर’ असं असायचं, ते आपले नंबर. तू मिमीच बघत जा. तुझ्या लोकरीला ४ मिमी योग्य आहे, आत्याच्या सुयांवर वीण घट्ट होईल आणि मफलर कडक लागेल.

टाके वाढण्याचं कारण तू स्वतःच लिहिलंयस. काम उलटवल्यावर लोकर सुईच्या वरून मागे ओढली जाते, पहिला टाका ताणला जातो आणि त्याचे दोन्ही पाय सुईवर येतात. ते दोन टाके समजून विणले की ओळीगणिक एक टाका वाढतो. काम उलटवलं की लोकर आधी खाली ओढायची, मग सुईच्या खालून मागे न्यायची आणि मगच विणायला लागायचं. फासा एकच दिसला पाहिजे. ओळीच्या मधे कुठे भोक दिसत असेल, तर तिथे लोकर चुकून पुढे राहिली असं समज.

४० टाके होते तिथपर्यंत उसव. उसवायच्या आधी त्या बरोबर असलेल्या ओळीच्या सगळ्या टाक्यांतून सुईने वेगळ्या रंगाचा दोरा ओवून घे, म्हणजे त्याच्या खाली काही निसटणार नाही.

प्रतिसाद (वाई)

ताई, सुया मधे बदलू नका. जाडी एकच असली तरी धातूवर आणि बांबूवर हात वेगळा पडतो, त्या जागी वीण बदललेली दिसते. इथे तर जाडीही वेगळी आहे. शिकताना बांबूच बरा, टाके धरून ठेवतो. ढकलावे लागतात याचं कारण बहुतेक असं की तुम्ही सुईच्या निमुळत्या टोकावरच टाका आवळताय. टाका जाड भागावर जाऊ द्या, मग लोकर हलकेच ओढा. वायर गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून सरळ ताणून धरा, वळ जातो. बांबू मात्र पाण्यात जाऊ देऊ नका.

सुलट-उलट ओळींच्या विणीत सगळे सुलट टाके एका बाजूला आणि उलट टाके दुसऱ्या बाजूला येतात. दोन्ही बाजूंचा ताण सारखा नसतो, म्हणून उभ्या कडा मागे वळतात आणि वरच्या-खालच्या पुढे. सगळ्या ओळी सुलट असल्या की दोन्ही बाजू सारख्या, म्हणून मफलर सपाट राहतो. आहे तेच चालू ठेवा. गुळगुळीतच हवं असेल तर पुढच्या वेळी एकाच ओळीत दोन टाके सुलट, दोन टाके उलट असं घ्या. ती वीण आत ओढते, तेव्हा ४० च्या जागी ५२ टाके धरा.

धागाकर्ती

काकू, वाईच्या ताई, मनापासून आभार. उसवलं, दोरा ओवला होता म्हणून काही निसटलं नाही. लोकर खालून न्यायला लागल्यापासून टाके ४० च्या ४० राहतायत. आता लोकरीची पहिली गुंडी संपत आलीय. दुसरी जोडताना गाठ मारायची का?

प्रतिसाद (विश्रामबाग, सांगली)

गाठ नको, गळ्याला टोचेल. ओळ संपते तिथे, कडेला नवी लोकर सुरू कर. जुन्या आणि नव्या दोन्हींची शेपटं १५ सेंमी सोड आणि मफलर झाल्यावर बोथट सुईने विणीत लपव. दीड मीटर लांबीला या लोकरीचे दीडशे ते दोनशे ग्रॅम लागतील. वेष्टनावर रंगाचा लॉट नंबर असतो. त्याच लॉटच्या गुंड्या आत्ताच घेऊन ठेव, नंतर रंगात फरक पडतो.