ब्रेल नोटटेकर घ्यावा, की ब्रेल डिस्प्ले फोनला जोडावा?

सहाठिपके (धागाकर्ता)

माझ्या नोटटेकरला अकरा वर्षं झाली. गेल्या महिन्यापासून त्याच्या बाराव्या सेलमधला (सेल म्हणजे एका अक्षराच्या ठिपक्यांची जागा) पाचवा ठिपका वर येत नाही. एक, चार, पाच म्हणजे द. त्यातला पाच गेला की उरतो च. 'दार' त्या जागेवर सुरू झालं की बोटाला 'चार' लागतं. संदर्भावरून कळतं, पण असं किती दिवस चालवणार? नवं यंत्र घ्यायचंय आणि ज्याला विचारावं तो सांगतो, "आता नोटटेकर कशाला? ब्रेल डिस्प्ले घे, फोनला जोड." मला हे पटत नाही. का ते लिहितो. खोडून काढायचं असेल तर जरूर काढा, पैसे अजून भरलेले नाहीत.

नवख्यांसाठी फरक थोडक्यात. ब्रेल डिस्प्ले म्हणजे वरखाली होणाऱ्या ठिपक्यांची एक ओळ. डोकं फोनचं किंवा लॅपटॉपचं, हा फक्त दाखवतो आणि कळा दाबल्या की तिकडे पोचवतो. नोटटेकरमध्ये ओळही असते आणि डोकंही: लिहिण्याची सोय, पुस्तकं, दिनदर्शिका, ईमेल, सगळं आतच. १९८७ साली डीन ब्लेझींचं 'ब्रेल एन स्पीक' आलं तेव्हा त्यात ठिपक्यांची ओळसुद्धा नव्हती, ब्रेल कळा आणि आवाज एवढंच होतं. तरी लोकांनी ते उराशी धरलं, कारण ते खांद्याला अडकवून कुठेही नेता येत होतं आणि चालू केल्याक्षणी लिहायला तयार असायचं.

माझा मुद्दा तिथेच आहे. मी दिवसभर लोकांचं ऐकत लिहितो. समोरचा बोलायला लागला की मला पहिला शब्द निसटू द्यायचा नसतो. नोटटेकरचं बटण दाबलं की काल जिथे थांबलो त्याच जागी कर्सर असतो. फोन खिशातून काढा, उघडा, ब्लूटूथ जुळलंय का बघा, मग नोंदवही उघडा, एवढ्यात माणूस तिसऱ्या वाक्यावर गेलेला असतो.

दुसरं म्हणजे, डिस्प्लेवरून फोनमध्ये लिहिताना मी दाबलेली कळ आधी स्क्रीन रीडरकडे, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे जाते, तो तिचं अक्षर करतो, ते ॲपला देतो, ॲपनं काय घेतलं ते वाचतो, पुन्हा त्याचं ब्रेल करून माझ्या बोटाखाली पाठवतो. या फेऱ्यात कुठेतरी कर्सर उडी मारतो. नोटटेकरमध्ये मी लिहिलेले ठिपके माझ्याच बोटाखाली राहतात. लिहिताना विचार तुटत नाही, आणि मला यापेक्षा मोठं काही नाही.

रानवारा

सहाठिपके, तुमचं यंत्र अकरा वर्षं टिकलं यातच तुमच्या विरुद्धचा पुरावा आहे. टिकलं काय? सेल टिकले. पीझो सेलमध्ये प्रत्येक ठिपक्याखाली एक पट्टी असते, विद्युतदाब दिला की ती वाकते आणि ठिपका उचलला जातो. मळ, घाम आत गेला नाही तर ही पट्टी दहा-पंधरा वर्षं सहज काम देते. पण आतल्या संगणकाचं आयुष्य तेवढं नसतं. ब्रेलनोट टच हा नोटटेकर २०१६ साली अँड्रॉइड ४.४ घेऊन आला. त्या अँड्रॉइडसाठी प्ले सर्व्हिसेस, म्हणजे बऱ्याच ॲपना लागणारी गूगलची पायाभूत सोय, अद्ययावत करणं गूगलनं २०२३ मध्ये थांबवलं. सात वर्षं. ठिपके ठणठणीत आणि ॲप चालत नाहीत, अशी अवस्था होते. विंडोज सीई या जुन्या प्रणालीवरच्या यंत्रांचंही तसंच झालं, त्यांच्या ब्राउझरमध्ये आजच्या सुरक्षित वेबसाइट उघडतच नाहीत.

यंत्रातला सगळ्यात महाग भाग म्हणजे सेल. तो भाग लवकर म्हातारा होणाऱ्या संगणकाला कायमचा चिकटवून का घ्यायचा? डिस्प्ले वेगळा असला तर फोन बदलत राहतो, ओळ तीच राहते. यूएसबीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं २०१८ मध्ये ब्रेल डिस्प्लेसाठी समान पद्धत जाहीर केली, त्यामुळे प्रत्येक यंत्राला वेगळा ड्रायव्हर शोधण्याचं दुखणंही कमी होत चाललंय.

आणि दुरुस्तीचं काय? माझा नोटटेकर दुरुस्तीला गेला तेव्हा दोन ठिपक्यांपायी नऊ आठवडे माझे पत्ते, भेटीच्या वेळा, अर्धवट वाचलेली पुस्तकं, सगळं त्याच्याबरोबर गेलं. डिस्प्ले दुरुस्तीला गेला तर फोन निदान बोलत तरी राहतो.

फोन काढायलाच लागतो हेही जुनं झालं. ब्रेलियंट बीआय ४० एक्स, फोकस ४०, अगदी ऑर्बिट रीडर २० मध्येसुद्धा आतच साधी नोंदवही आहे. चालू करा, लिहा, फोन बॅगेत राहू दे.

सहाठिपके

आतल्या नोंदवह्या मी हाताळून पाहिल्यात. दोन पानांच्या टिपणाला पुरतात. शीर्षकं असलेला, तक्ते असलेला अहवाल तिथे तयार होत नाही, बहुतेकांत मजकूर साधा म्हणूनच जतन होतो. पण अँड्रॉइडच्या वयाचा मुद्दा खरा आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

उंबरठा

मी वेगळंच विचारतो. ओळ हवीच कशाला? माझी नजर चाळिशीनंतर गेली. ब्रेल शिकलो, अक्षरं ओळखतो, पण एक परिच्छेद वाचायला जितका वेळ लागतो तेवढ्यात आवाजानं पूर्ण पान ऐकून होतं. लिहायला मात्र सहा कळा झकास. आयफोनच्या काचेवर २०१४ पासून ब्रेलमध्ये लिहिता येतं, वेगळं यंत्रसुद्धा लागत नाही. आणि ब्लेझींनीच नव्यानं काढलेलं बीटी स्पीक बघा, त्यात ब्रेल कळा आणि आवाज, डिस्प्ले नाही. ज्याची बोटं लहानपणापासून ब्रेलवर फिरलेली नाहीत त्याला नोटटेकरच्या एका किमतीत चांगला फोन आणि लॅपटॉप दोन्ही मिळतात. उशिरा अंध झालेल्या माणसाला "ब्रेल डिस्प्ले नाही म्हणजे तू अर्धवट साक्षर" असं ऐकवलं जातं. मला ऐकवलं गेलंय. ते थांबावं म्हणून लिहितोय.

मास्तरीणबाई

उंबरठा, तुम्हाला कुणी तसं बोललं असेल तर चुकलंच. तुमच्यासाठी तुमचा निर्णय बरोबर आहे. पण हाच सल्ला नऊ वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांना दिला जातो, तेव्हा मला गप्प बसवत नाही.

मी अंध मुलांना शिकवते. फक्त आवाजावर वाढलेलं मूल 'दिन' आणि 'दीन' एकसारखंच लिहितं, कारण यंत्राच्या आवाजात दोन्ही बऱ्याचदा एकसारखेच वाटतात. 'सुत' आणि 'सूत' यांतला फरक त्याला कळायचा कसा? शब्दांची तोडमोड, स्वल्पविराम, परिच्छेद कुठे संपला, हे कानाला दिसत नाही. बोटाखाली लागतं तेव्हाच ते डोक्यात बसतं. डोळस मुलाच्या हातातलं पुस्तक काढून घेऊन त्याला फक्त ध्वनिफिती ऐकवा असं कुणी म्हणेल का?

आता मूळ वादाबद्दल. तुम्ही सगळे आतल्या डोक्यावर भांडताय, मी विद्यार्थ्यासाठी आधी ओळ बघते. वीस सेल खिशात मावतात, पण मराठीतला एखादा लांब शब्द जोडाक्षरांसकट आला की अर्धी ओळ तोच खातो, आणि दर दोन-तीन शब्दांनी ओळ पुढे सरकवायला अंगठा चालवावा लागतो. वाचनाची लय बसतच नाही. भरपूर वाचणाऱ्याला बत्तीसच्या खाली जाऊ नका असं मी सांगते. चाळीस असले तर उत्तम, कारण ब्रेलच्या कागदाची ओळही साधारण तेवढीच असते.

ठिपका किती उंच आणि किती घट्ट, हे तर वाचूनच बघावं लागतं. पीझोचा ठिपका जोरात दाबला तर दबतो. लहान मुलं जोरातच दाबतात. ऑर्बिटचे ठिपके कागदासारखे घट्ट राहतात, मात्र ओळ बदलायला वेळ लागतो आणि बदलताना आवाज येतो.

आणि गणित कुठल्याच एका ओळीत शिकवता येत नाही. हातच्याची बेरीज उभी मांडायची असते. तिथे अजून १९५१ पासूनचं पर्किन्सचं ब्रेल टंकयंत्र आणि जाड कागदच मी पुढे करते. अनेक ओळींची यंत्रं आहेत: मोनार्कमध्ये बत्तीस सेलच्या दहा ओळी आहेत, कॅन्यूटमध्ये चाळीसच्या नऊ. पण ती टेबलावर ठेवायची यंत्रं आहेत, दप्तरात घालून पळायची नव्हेत.

तर्जनी

मला ऐकू येत नाही आणि दिसतही नाही. उंबरठा, 'ओळ हवीच कशाला' हा प्रश्न माझ्यासारखीला विचारताच येत नाही. ठिपके थांबले की माझ्याभोवती काहीच उरत नाही, शेजारी बसलेला माणूससुद्धा.

त्यामुळे सहाठिपके, सगळं एकाच यंत्रात असावं ही तुमची कल्पना मला धास्तीची वाटते. नोटटेकरची बॅटरी संपली किंवा तो अडकून पडला, तर माझं बोलणं, निरोप, मदत मागण्याची सोय एकाच क्षणी जाते. मी फोन आणि चौदा सेलचा छोटा डिस्प्ले अंगावर बाळगते, आणि दुसरा जुना डिस्प्ले घरी चार्ज करून ठेवलेला असतो. समोरचा माझ्या फोनवर टाइप करतो, मी बोटानं वाचते, माझं उत्तर फोनच्या पडद्यावर मोठ्या अक्षरात जातं. डोळस माणसाला फोन ओळखीचा असतो, तो हातात घ्यायला बिचकत नाही. नोटटेकर पुढे केला की लोक हात मागे घेतात.

बैठकीत लिहिण्याबद्दल मात्र तुम्ही म्हणता ते खरं आहे. ब्लूटूथ तुटलं की मला ते 'तुटलं' असं सांगणारा आवाजही नसतो. ओळ थिजलेली असते आणि मी समजत असते की समोरचा अजून विचार करतोय.

रानवारा

तर्जनी, हे वाचून थांबलो. तार जोडून वापरता येईल का? यूएसबीनं जोडलं तर निदान हे टळेल.

सहाठिपके, आता मराठीबद्दल, कारण निर्णय तिथे फिरू शकतो. भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांचं ब्रेल, वाचताना कुठलंही यंत्र बऱ्यापैकी चालतं, खरी परीक्षा लिहिताना असते. तुम्ही ठिपके दाबता आणि यंत्रानं त्याचं देवनागरी करायचं असतं. ब्रेलमध्ये स्वर आणि त्याची मात्रा एकच चिन्ह आहे. म आणि पुढे ऊ दाबलं तर 'मू' होतं. 'मऊ' लिहायचं तर मध्ये अ घालायचा असतो, हा नियम आपल्याला शाळेत शिकवलाय, पण यंत्राला शिकवलाय का? जोडाक्षरात हलंताचा चौथा ठिपका ब्रेलमध्ये व्यंजनाच्या आधी येतो, युनिकोडमध्ये हलंत व्यंजनाच्या नंतर. 'शब्द' लिहिताना ही अदलाबदल यंत्रानं करायला हवी. ज्ञ आणि क्ष यांना स्वतंत्र चिन्हं आहेत, ती उलट भाषांतरात शाबूत राहतात का तेही बघायला हवं.

ठिपक्यांचं अक्षर करण्याच्या या नियमांचे तक्ते नोटटेकरच्या आत बंद असतील तर चूक सापडल्यावर तुम्ही फक्त कंपनीला पत्र लिहू शकता. ब्रेलचं भाषांतर करणारं, मोकळ्या परवान्याचं लिबलुई हे सॉफ्टवेअर मात्र एनव्हीडीए, टॉकबॅक, व्हॉइसओव्हर हे स्क्रीन रीडर आणि ब्रेल डिस्प्ले चालवणारं बीआरएलटीटीवाय असे सगळे वापरतात. तिथे मराठीचा तक्ता एकदा दुरुस्त झाला की ती दुरुस्ती हळूहळू सगळीकडे पोचते. मराठी लिहिणाऱ्यानं बंद पेटी का घ्यावी हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

सहाठिपके

हा मुद्दा लागला. माझ्या सध्याच्या यंत्रातून पाठवलेल्या एका मजकुरात 'मऊ माती'चं 'मू माती' होऊन गेलं होतं आणि वाचणाऱ्याला वाटलं मला शुद्धलेखन येत नाही. तेव्हापासून बाहेर जाणारं मराठी मी लॅपटॉपवर पुन्हा तपासतो. म्हणजे दुप्पट काम. हे मी सुरुवातीला लिहायला हवं होतं.

तरीही एक सांगतो. टिपणं माझी मलाच वाचायची असतात तेव्हा मी ती ब्रेलमध्येच ठेवतो, भाषांतराचा प्रश्नच येत नाही. दिवसाच्या दहा नोंदींतल्या आठ अशाच असतात. आणि नोटटेकरचं आतलं डोकं म्हातारं झालं तरी तो लॅपटॉपला जोडून नुसता डिस्प्ले म्हणून चालवता येतो. ओळ वाया जात नाही, रानवारा. तुम्ही अँड्रॉइड बंद पडल्यावर यंत्र मेलं असं धरून बोलताय.

रानवारा

मेलं असं नाही म्हणत. पण मग त्या मेलेल्या अर्ध्याचे पैसे का भरले, एवढंच विचारतोय. वजन आणि बॅटरीही त्या अर्ध्याचीच वाहत राहायची.

मास्तरीणबाई

सहाठिपके, कुठलंही घ्या, पण मागवण्याआधी निदान एक पूर्ण दिवस उसनं आणून त्यावर वाचा. पाच मिनिटांत सगळीच यंत्रं छान वाटतात. तासाभरानं मनगट कुठे टेकतं, अंगठ्याच्या कळा शांत खोलीत किती वाजतात, स्पेसबार बोटाला दुखतो का, हे कळतं. जमलं तर हात धुऊन एकदा आणि उन्हातून आल्यावर घामेजल्या बोटांनी एकदा वाचा.

उंबरठा

मास्तरीणबाई, 'दिन' आणि 'दीन' डोक्यात राहिलं. माझं जुनं वाचन डोळ्यांनी झालेलं, म्हणून मला शुद्धलेखनाची अडचण आली नाही, हे लक्षातच आलं नव्हतं. माझ्यासाठी मत तेच आहे, मुलांच्या बाबतीत मागे घेतो.

सहाठिपके

शनिवारी एका मित्राचा नोटटेकर आणि दुसऱ्याकडून चाळीस सेलचा डिस्प्ले आणतोय. फोन खिशात बंद ठेवून दोन्हीकडे पहिलं अक्षर उमटेपर्यंत मोजणार आहे. लिहायची ओळ ठरवली आहे: "मऊ शब्दांत ज्ञान सांगणारे नऊ जण दारात उभे." दोन्हीकडून ती लॅपटॉपवर पाठवून काय पोचतं ते इथेच लिहितो.