मदत हवी आहे: व्ही-८ पिकअपचे चार सिलेंडर चालता चालता बंद होतात म्हणजे आत काय होतं? आणि टिकटिक आवाज

नमस्कार मंडळी, माझ्याकडे सेकंडहँड पिकअप आहे, व्ही-८ म्हणजे आठ सिलेंडरचं पेट्रोल इंजिन, पुशरॉडवालं (दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणारं). हायवेला एका स्पीडवर लागली की मीटरवर व्ही-४ येतं, पाय जरा दाबला की लगेच व्ही-८. अर्धे सिलेंडर बंद होतात एवढं कळलं, पण कसे ते डोक्यात बसत नाहीये. नुसतं इंजेक्टरचं पेट्रोल तोडलं तरी काम झालं ना, मग व्हॉल्व्ह पण बंद ठेवायची भानगड कशाला? आणि पिस्टन तर वरखाली होतच राहणार, आतली हवा दाबायलाच ताकद जात असेल की, मग पेट्रोल वाचतं कुठे?

दुसरं म्हणजे हल्ली थंड इंजिन चालू केलं की टिकटिक येते, गरम झाल्यावरही पूर्ण जात नाही, आयडलला थरथरतं, चेक इंजिनचा दिवा लागलाय आणि स्कॅनर ७ नंबरच्या सिलेंडरला मिसफायर (पेट्रोल नीट पेट न घेणं) दाखवतोय. मेकॅनिक म्हणतो प्लग-कॉइल बदलू. ओबीडी पोर्टला (स्कॅनर जोडायच्या सॉकेटला) लावायचं एक डिव्हाइस मिळतं, त्याने सगळे सिलेंडर कायम चालू राहतात म्हणे, ते लावून आवाज जाईल का? जाणकारांनी प्लीज सांगा, गाडी रोज लागते.

प्रतिसाद १:
व्हॉल्व्ह उघडे ठेवून फक्त पेट्रोल तोडलं तर तो सिलेंडर हवा ओढत आणि फेकत राहतो, त्यात ताकद जाते, शिवाय ती कोरी हवा सायलेन्सरकडे गेली की ऑक्सिजन सेन्सर गंडतो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थंड पडतो. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असले की आत अडकलेला वायू स्प्रिंगसारखा वागतो, वर जाताना दाबला जातो आणि खाली येताना पिस्टनला ढकलून बरीचशी ताकद परत देतो. खरी बचत मात्र चालू सिलेंडरांत आहे. हलक्या लोडला आठही चालू असले तर थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जेमतेम उघडा असतो आणि पिस्टन व्हॅक्यूमशी भांडत हवा ओढतात, चारच राहिले की तेवढ्याच ताकदीसाठी थ्रॉटल जास्त उघडावा लागतो आणि ते भांडण कमी होतं.

बंद करायचं काम लिफ्टर करतो, म्हणजे कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) आणि पुशरॉड यांच्यामधला भाग. सोलेनॉइडने (विजेवर चालणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हने) लिफ्टरला ऑइलचं प्रेशर दिलं की लिफ्टरमधल्या बारीक पिना आत दबतात, मग बाहेरचा भाग कॅमबरोबर वरखाली होतो पण आतला जागेवरच राहतो, पुशरॉड हलत नाही, व्हॉल्व्ह उघडत नाही. प्रेशर काढलं की स्प्रिंग पिना परत बाहेर ढकलते. कॅडिलॅकने १९८१ मध्ये व्ही-८-६-४ काढलं होतं तेव्हा कंट्रोल करणारं इलेक्ट्रॉनिक्सच कमी पडलं, आणि २०१९ च्या शेवरले सिल्व्हराडो पिकअपमध्ये सिलेंडर चालू-बंद करायचे १७ वेगवेगळे पॅटर्न आले, इतका फरक आहे.

प्रतिसाद २:
७ नंबर ऐकूनच लिफ्टरची शंका येते. जीएमची चार सिलेंडर बंद करणारी सिस्टीम असो की हेमीची (डॉज-रॅमच्या व्ही-८ ची), दोन्हीत १, ४, ६ आणि ७ हेच बंद होतात. प्लग-कॉइलवर खर्च करायच्या आधी ७ ची कॉइल ५ ला लाव, मिसफायर ७ लाच राहिला तर कॉइल ठीक आहे. मग कॉम्प्रेशन बघ, आणि रॉकर कव्हर काढून इंजिन फिरवून बघ, ७ चे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे आडवे हात) बाकीच्यांपेक्षा कमी हलत असतील तर लिफ्टर बसलाय, म्हणजे पुशरॉड पूर्ण उचलत नाहीये. ते डिव्हाइस इंजिनला व्ही-४ मध्ये जाऊ देत नाही एवढंच, आत अडकलेली पिन त्याने सुटत नाही, त्यामुळे आता त्यावर पैसे घालू नको.

लिफ्टर निघाला तर हेड उतरवावंच लागतं, तेव्हा एकच न बदलता सेट बदल आणि कॅमचा लोब (लिफ्टर उचलणारा उंचवटा) बोट फिरवून नीट बघ, रोलर अडकला असेल तर लोब खरवडलेला लागतो. आणि हे होईपर्यंत गाडी रोज पळवू नकोस रे, खरवडलेल्या धातूचा चुरा ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जातो. ही सगळी सिस्टीम ऑइलवर चालते, तर लेव्हल किती आहे, कंपनीने सांगितलेलाच ग्रेड आहे का आणि गरम इंजिनला आयडलवर प्रेशर किती दाखवतंय तेवढं इथे टाक, मग पुढचं सांगता येईल.