अनुभव धागा: फोनने दाखवलेली वाट

मंडळी, गेल्या महिन्यात रात्री फोन "सरळ जा" म्हणत होता आणि पुढे पूलच नव्हता, वाहून गेलेला. वेग कमी होता म्हणून वाचलो. उपग्रहांच्या आधाराने वाट शोधताना तुम्हाला काय मिळालं, कुठे दगा झाला, ते इथे लिहा. चूक उपग्रहाची होती की नकाशाची, हेही सांगा. आमची जागा फोनने अचूक दाखवली होती. जुना होता तो नकाशा.

भूमापक
१९९६ पासून जीपीएस वापरतोय. तेव्हा अमेरिका नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळायची. एका जागी उभं राहिलं तरी आकडे शंभरेक मीटरच्या घेऱ्यात भटकायचे. मोजलेल्या बिंदूवर दुसरा रिसीव्हर ठेवून ती चूक वजा करावी लागे. २ मे २००० ला ती भेसळ थांबली. त्या दिवशी हातातल्या साध्या यंत्रावर आकडे स्थिरावलेले पाहिले, ते आजही डोळ्यांसमोर आहे. आता आरटीके (जवळच्या स्थिर रिसीव्हरकडून त्याच क्षणी दुरुस्ती घ्यायची पद्धत) लावून उघड्यावर दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत जातो. उंच इमारतींच्या फटीत मात्र अजूनही टेप काढतो. तिथे सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा पोचतो आणि यंत्राला तेवढं अंतर जास्त वाटतं. एका मायक्रोसेकंदाचा, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचा, उशीर म्हणजे ३०० मीटर!

रुग्णवाहिका चालक
पूर्वी "मोठ्या झाडापासून डावीकडे" असे पत्ते मिळायचे. आता लोकेशन येतं, खूप वेळ वाचतो. एकदा आलेला ठिपका नातेवाइकांच्या आधीच्या ठिकाणाचा निघाला. सात मिनिटं गेली, रुग्ण वाचला. तेव्हापासून ठिपक्यासोबत जवळची एक खूण विचारतोच.

डोंगरवाट
"रेंज नाही, म्हणजे जीपीएस बंद" असं समजून आमच्यातल्या एकाने फोन पिशवीत टाकला आणि तो तीन तास चुकला. कृपया लक्षात ठेवा: फोन उपग्रहांना काही पाठवत नाही, फक्त ऐकतो. चार उपग्रह ऐकू आले की जागा कळते. रेंज लागते ती नकाशा उतरवायला. तो घरूनच उतरवून न्या. दाट झाडीत ठिपका उड्या मारतो. बॅटरी संपली की सगळंच संपतं, म्हणून कागदी नकाशा आणि होकायंत्र सोडू नका.

जहाजावरून
मी व्यापारी जहाजावर अधिकारी आहे. एका रात्री पडद्यावर आमचं जहाज किनाऱ्यापासून आत, विमानतळावर दिसू लागलं. कुणीतरी खोटे सिग्नल सोडत होतं. २०,२०० किलोमीटरवरून येणारा खरा सिग्नल इतका क्षीण असतो, की जवळचा खोटा त्याला सहज दाबतो. रडारवरची अंतरं आणि दीपगृहाची दिशा घेऊन आम्ही जागा नक्की केली. जीपीएससोबत रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बेइदू, भारताची नाविक अशा अनेक उपग्रह प्रणाली एकत्र वापरल्याने अचूकता वाढते, पण हा क्षीणपणा सगळ्यांतच आहे. नव्या मुलांना मी अजूनही सेक्स्टंट, म्हणजे सूर्य-ताऱ्यांचा क्षितिजापासूनचा कोन मोजून जागा काढायचं यंत्र, शिकवतो.

पांढरी काठी
मला दिसत नाही. बस कुठवर आली हे फोन कानात सांगतो. कुणाला विचारावं लागत नाही, याचं मोल शब्दांत सांगता येत नाही. पण पाच-दहा मीटरची चूक गाडीला चालते, माझ्यासाठी ती रस्त्याची दुसरी बाजू असते. पोचलो असं फोन म्हणतो आणि दार सापडत नाही. तुमच्यापैकी कुणी दृष्टिहीन असाल, तर शेवटचे दहा मीटर कसे पार करता, ते नक्की लिहा.