पर्शियन मांजर घेताना खर्च आणि आजार

प्रश्न: पर्शियन पिल्लू घ्यायचंय. काय तपासू? खर्चाचं कसं?

उत्तर १: आधी मूत्रपिंड. पीकेडी, म्हणजे मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आजार, आनुवंशिक आहे. आई-बापापैकी एकाकडे सदोष जनुकाची एक प्रत असली तरी प्रत्येक पिल्लाला ५० टक्के धोका. दोघांचा डीएनए अहवाल मागाच, नसेल तर घेऊच नका. सोनोग्राफी १० महिन्यांनंतरच भरवशाची.

उत्तर २: अगदी चपटं नाक टाळा. अश्रुनलिका दबून डोळे सतत गळतात, उन्हाळ्यात धाप लागते. तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल तर तडक डॉक्टरकडे.

उत्तर ३: ४ किलोच्या मांजराला रोज ५०-६० ग्रॅम कोरडं खाद्य, म्हणजे महिन्याला साधारण पावणेदोन किलो. वाळू, लस, जंताचं औषध वेगळं. रोज विंचरा. गुंता कात्रीने कापू नका हो, कातडी पातळ असते, कापली जाते.