मदत हवी आहे: माडग्याळ व दख्खनी मेंढ्यांचा मातृवंश, डी-लूपचे सिक्वेन्स मध्येच बिघडतात

धागाकर्ता: जत तालुक्यातल्या माडग्याळ आणि लोणंद भागातल्या दख्खनी मेंढ्यांचे मिळून ४० नमुने आहेत. जांभळ्या बुचाच्या ईडीटीए नळीत रक्त, मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतल्या कंट्रोल रीजनचा, म्हणजेच डी-लूपचा (सुमारे १,२०० बेस) पीसीआर करून प्रती वाढवल्या, मग सँगर पद्धतीने सिक्वेन्स वाचले. फॉरवर्ड प्रायमरने सुरुवात स्वच्छ येते, पुढे आलेखात शिखरावर शिखर चढतं. जेलवर पट्टा एकच दिसतो. जे वाचता आले ते जवळपास सगळे हॅप्लोग्रुप ए (मातृवंशाची एक मोठी शाखा). म्हणजे माडग्याळ ही दख्खनीच, असं लिहावं का? जाणकारांनी सांगावं.

कातरबोट: दोष बहुतेक रसायनांचा नाही, जागेचा आहे. मेंढीच्या कंट्रोल रीजनच्या पुढच्या भागात ७५ बेसचा तुकडा सहसा चार वेळा लागोपाठ येतो. तिथे प्रती काढणारं पॉलिमरेज एन्झाइम घसरतं. शिवाय एकाच जनावरात कमी-जास्त प्रती असू शकतात. रिव्हर्स प्रायमरने, म्हणजे दुसऱ्या टोकाकडून, फिनाइलअलानिनच्या टीआरएनए जनुकाच्या बाजूने वाचा. मधला आणि शेवटचा भाग नीट मिळेल. पट्टा एक की दोन हे २ टक्के अगारोजवर, जेल लांब चालवून बघा. ७५ बेसचा फरक १ टक्क्यावर पटकन कळत नाही.

तुलना करताना तो पुनरावृत्तीचा भाग कापूनच टाका. ठेवलात आणि गॅपही (जुळणीतल्या रिकाम्या जागा) फरक म्हणून मोजलेत, तर हॅप्लोटाइपांचा, म्हणजे वेगवेगळ्या सिक्वेन्स-प्रकारांचा, आकडा उगाच फुगतो.

धागाकर्ता: रिव्हर्सनेही दोन-तीन नमुन्यांत दुहेरी शिखरं आहेत, तीही विखुरलेली.

कातरबोट: मग एकतर भेसळ, नाहीतर न्यूमट, म्हणजे केंद्रकात जाऊन बसलेली मायटोकॉन्ड्रियाची जुनी नक्कल. रक्तात केंद्रकाच्या मानाने मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए कमी असतो, त्यामुळे हा त्रास होतो. त्याच जनावराच्या कानाचा बारीक तुकडा अल्कोहोलमध्ये घेऊन पुन्हा करा. सोबत पाणी घातलेला कोरा पीसीआर हवाच. त्यात पट्टा आला तर आख्खी खेप फेका.

वाडाबिऱ्हाड: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, तसं लिहू नका. पाळीव मेंढीत ए ते ई असे पाच हॅप्लोग्रुप आहेत. ए आशियात जास्त, बी युरोपात, सी कमी, डी आणि ई तर दुर्मीळ. भारतात ए भरपूर सापडणारच. ही विभागणी जाती घडण्याच्या फार आधीची आहे, तिच्यावरून जात ठरत नाही.

मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतो, म्हणून मेंढा बाहेरून आणला तर त्यात त्याची खूणही उरत नाही. फलटणला सुंदरबनच्या गरोळ मेंढ्यांकडून जुळ्यांचा फेकबी जनुक दख्खनीत आणला. दख्खनी मेंढीला गरोळ मेंढ्यापासून झालेल्या कोकरात फेकबी असेल, पण त्याचा मातृवंश दख्खनीच दिसेल. तुमच्या खांडात कुठला मेंढा शिरला होता, हे या चाचणीला कळणार नाही.

जातीतला फरक हवा असेल तर त्याच डीएनएवर मायक्रोसॅटेलाइट (केंद्रकातल्या छोट्या पुनरावृत्तीच्या खुणा) किंवा ५० हजारांची एसएनपी चिप (एकेका बेसचे फरक तपासणारी) लावा. बापाच्या बाजूसाठी वाय गुणसूत्रावरचे ओवाय१ आणि एसआरवायएम१८ हे मार्कर बघा; अर्थात नमुन्यांत नर असतील तरच.

आणि एक, नमुने किती वाड्यांतून (मेंढपाळांच्या कळपांतून) घेतलेत? एका वाड्यातल्या मायलेकी आणि बहिणी घेतल्या असतील तर तो एकच हॅप्लोटाइप पुन्हा पुन्हा मोजला जातोय.

धागाकर्ता: माडग्याळचे सगळे तीनच वाड्यांतले आहेत.

वाडाबिऱ्हाड: मग चिपच्या आधी वाडे वाढवा. प्रत्येक वाड्यातून दोन, फार तर तीन मेंढ्या. आई कोण ते मेंढक्याला विचारूनच.